गोंगाटातून ती रेघ वर येईपर्यंत

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून बेळगावात एम.एस्सी.ला आले, तेव्हा प्रकल्पासाठी मी १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळात उठलेला तरंग, निवडली. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांत विलीन झाले होते आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत नोंदवला होता. लायगोच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असल्याने त्या उतरवून आलेख काढला की लहर दिसेल, अशी माझी समजूत होती.

एका फाइलीत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक आकडे होते. जूनच्या पावसात गावी वीज सारखी जात असल्याने रात्री उशिरा गणित चालवावे लागे. पहिल्या आलेखात नुसती थरथर दिसली. वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, मात्र ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० कंपनांवर) एक उंच सुळका होता आणि दोन दिवस मी त्याच्याच मागे लागले. सर एवढेच म्हणाले, "अमेरिकेतली वीज किती हर्ट्झची असते, ते आधी बघ." आपल्याकडे ५०, तिकडे ६०, तो सुळका विजेचा होता.

मग प्रत्येक वारंवारतेला तिथल्या गोंगाटाने भागून सर्व पट्टे एका पातळीवर आणले आणि अपेक्षित लहरीचा नमुना नोंदीवरून सरकवत जुळवणी पाहिली. अशा जोडताऱ्यांसाठी कोणते नमुने घ्यावेत, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्येच काम केले होते, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

तरीही लायगोच्या लिव्हिंग्स्टन इथल्या उपकरणाचा निकाल विचित्र येत होता. विलीनीकरणाच्या साधारण १.१ सेकंद आधी उपकरणात क्षणभराचा मोठा खटका उमटला होता आणि मी तो न काढताच पुढे गेले होते. २०१५ मधली कृष्णविवरांची लहर सेकंदाच्या अंशात संपली होती. ही सुमारे शंभर सेकंद चालली, त्यामुळे असा खटका मध्येच येणे स्वाभाविकच होते. खटका काढलेली नोंद घेतल्यावर वेळेनुसार बदलती वारंवारता दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर पिवळी रेघ उमटली: बराच वेळ आडवी, आणि शेवटी एकदम उभी.

आता न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर यांच्या विलीनीकरणाची १५ जानेवारी २०२० ची नोंद घेतली आहे. तिच्यात अशी रेघ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळी भिस्त जुळवणीवर आहे.