आजीचा नवस, वाकी ते ताजबाग

नवस माझा नव्हता. आजीचा होता, आणि तिला जाऊन एकवीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीत काका गेले आणि तेराव्याच्या पंगतीत भाऊंना (आमच्या वडिलांना घरात भाऊ म्हणतात) अचानक आठवलं, मायचं वाकीहून ताजबागेपर्यंतचं नवसाचं चालणं राहून गेलं. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दादा पुण्यात. उरले मी आणि आत्या.

ताजबाग म्हणजे नागपुरातला ताजुद्दीन बाबांचा दर्गा. त्यांच्या उर्साच्या, म्हणजे पुण्यतिथीच्या, दोन दिवस आधी संध्याकाळी वाकीला उतरलो. कन्हानला पाणी चढलेलं, गढूळ. या नदीचा डोह फसवा आहे, दरवर्षी कोणी ना कोणी पोरगं जातं, म्हणून आत्याने मला काठावरसुद्धा जाऊ दिलं नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. काशिनाथराव पाटलांनी ताजबाबांना इथे आणून ठेवलं, आणि बाबांनी झाडाझुडपांच्या जागांना आपली नावं दिली: हा शिफाखाना, हा मदरसा, ही मशीद, ही कचेरी. आजाऱ्याला शिफाखान्यात पाठवायचं, म्हणजे झाडाखाली बसवायचं. आजी काकांना घेऊन तिथे तीन दिवस बसली होती. मी पाचच मिनिटं बसले, डास फार होते.

पहाटे साडेपाचला निघालो. माझ्या पायात नवे बूट. "चपलाच बऱ्या होत्या," आत्या म्हणाली. मग पाटणसावंगीपर्यंत तिने हे चार वेळा म्हटलं.

आत्या साठीची, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूरला जाऊन येऊन अजून पंधरा दिवस झाले नव्हते. रस्ताभर अभंग. दर्ग्याला चाललोय आणि ही विठ्ठल विठ्ठल करतेय, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नसतं, फक्त ती सुरात नव्हती. मागून खाप्याकडची पोरं येत होती, हिरवा झेंडा, खांद्यावर स्पीकर, त्यावर कव्वाली. दोन्ही आवाज माझ्या डोक्यात बरोबर मधोमध भेटायचे.

तिला एक शंका होती. उर्स मागच्या वर्षी ऑगस्टात होता, यंदा जुलैत कसा? मी सांगितलं, मुहर्रमच्या 26 तारखेचा असतो, ते वर्ष चांद्र, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. "मंग अधिक महिना टाकत नाहीत का?" नाही टाकत. बराच वेळ ती गप्प चालली. मग म्हणाली, "बरं आहे. त्याले सगळे मोसम पाहाले भेटतात."

पाटणसावंगीला तर्री-पोहे खाल्ले. तिथून पुढे रस्ता मोठा होतो आणि कोळशाचे ट्रक सुरू होतात. रात्रभर पडून पावसाने नेमकी त्या दिवशी सुट्टी घेतली. ऊन असं की भिजलेल्या सोयाबीनच्या वावरातून वाफ निघताना दिसत होती. नागपूरच्या माणसाला मे महिन्याचं ऊन सहन होतं. हे पावसाळ्यातलं, अंगाला चिकटणारं ऊन नाही होत. अकराच्या सुमारास उजवी टाच जळायला लागली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर चपलांचा विषय पाचव्यांदा निघाला असता.

दहेगावच्या अलीकडे मला चालवेना. रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं, म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री, हवा भरायची मशीन आणि टायरचा ढीग. मी टायरवर बसले. आत्या दोनशे पावलं पुढे, मागे वळून पाहायची तिला सवय नाही. दुकानवाला ट्रकचं चाक खोलत होता. पन्नाशीचा, बनियन काळं, हात कोपरापर्यंत काळे.

"बाबाकडे चालून राहिले का जी?"

"हो."

"बूट काढा."

मला राग आला. अनोळखी माणसाने बूट काढा म्हणायचं म्हणजे काय. पण काढला. मोजा टाचेला चिकटला होता. फोड रुपयाएवढा नाही, चांगला बत्ताशाएवढा होता, पाण्याने टचटचीत भरलेला, कडेने लाल. त्याने लांबूनच पाहिलं, जवळ आला नाही, आणि ताडपत्रीमागे हाक मारली. मागे खोलीच होती त्याची. बायको बाहेर आली, डोक्यावर पदर, हात पिठाचे. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. ती आत जाऊन गोधडीची सुई आणि पांढरा दोरा घेऊन आली.

मी पाय मागे घेतला.

"फोडून नाही राहिली मी, माय," ती म्हणाली. "दोरा घालून ठेवते. पाणी आपोआप निंगते, कातडं तसंच राहते. कातडं निंगालं का मंग तुमी ताजबागले पोचत नाही."

तिने हात धुतले, साबणाने, मी पाहत होते. सुई स्टोव्हच्या जाळावर धरली, दोरा खोबरेल तेलात बुडवला. फोडाच्या एका कडेने सुई शिरली आणि दुसऱ्या कडेने निघाली. दुखलं नाही. हे मला अजून पटत नाही, पण दुखलं नाही. दोऱ्याची दोन टोकं बाहेर ठेवून तिने कापली आणि पाणी त्या दोऱ्यावरून थेंबथेंब तिच्या फडक्यावर उतरत गेलं. तेवढा वेळ माझी टाच तिच्या मांडीवर होती. रस्त्यावरचा चिखल लागलेली माझी टाच, तिच्या धुतलेल्या लुगड्यावर. मला कुठे पाहावं कळेना, म्हणून टायरांवरची नावं वाचत बसले.

नवऱ्याने तोवर सायकलची जुनी ट्यूब कापली होती. तळहाताएवढा तुकडा, कडा कानसने घासून मऊ केलेल्या, वर शंखजिरं, जे तो ट्यूबला लावतो तेच. तुकडा बुटात टाचेमागे बसवून त्याने बोट फिरवून पाहिलं, परत काढला, अजून थोडा घासला. ट्रकचा ड्रायव्हर "ओ भाऊ, चाक" म्हणून ओरडत होता. "थांब ना बे," हा म्हणाला, "बाईची गाडी आधी."

पैसे विचारले तर बायको म्हणाली, चादरीजवळ आमच्या नावाने एक फूल टाका. नाव विचारलं तर हसली. "त्याले माहीत आहे."

आत्या तोवर परत आली होती, घामाने चिंब आणि संतापलेली. तिने फोड पाहिला, दोरा पाहिला, आणि चपलांबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने पिशवीतून पंढरपूरचे चुरमुरे काढून त्या बाईच्या ओंजळीत घातले. बाईने ते कपाळाला लावले.

कोराडी आली आणि गेली. देवीला रस्त्यावरूनच हात जोडले, धुराड्यांकडे पाहत. रात्री महादुल्याला आत्याच्या नणंदेकडे मुक्काम. तिथे टीव्ही मोठ्याने चालू होता, एवढंच लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी मानकापूर. मनोरुग्णालयाची भिंत सुरू झाली तशी आत्या गप्प झाली. लोक आजही पागलखानाच म्हणतात, आणि भाविक पागलखाना शरीफ म्हणतात. 1861 साली कामठीत जन्मलेला एक फौजी शिपाई, सागरला पलटणीत असताना तिथल्या दर्ग्यात रात्रीच्या रात्री बसायला लागला, नोकरी सोडली, कामठीत परत येऊन गल्ल्यांतून हिंडू लागला. लोक मागे लागले, गर्दी सोडेना. मग म्हणे तो छावणीतल्या साहेबलोकांच्या टेनिस कोर्टावर उघडाच जाऊन उभा राहिला. 26 ऑगस्ट 1892 ला त्याला इथे डांबलं. सोळा वर्षं. कोठडीला कुलूप आणि बाबा कामठीच्या बाजारात, अशी गोष्ट आजी सांगायची, ती इतक्या वेळा की काका मध्येच पुढचं वाक्य म्हणायचे. 1908 मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी हमी देऊन सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं.

काकांना इथेच भरती करा, असं नातेवाईक म्हणायचे. काका कोणाला मारत नसत. रात्रभर भिंतीशी बोलत, आणि घरात कोणाला झोप नसे. आजीचं उत्तर ठरलेलं. "जिथं बाबाले कोंडलं तिथंच माह्या पोराले कोंडा म्हणता? मंग त्याच्या पाया पडाले कोण येईल?" भाऊंनी डॉक्टर केले, गोळ्या सुरू केल्या. आजी दर गुरुवारी त्यांना ताजबागेत नेऊन बसवायची. नवस एवढाच: पोरगा रात्रभर झोपला तर वाकीहून पायी येईन. वर्षाच्या आत काका झोपायला लागले. दिवसा तसेच राहिले. झोप गोळ्यांनी आली की बाबांनी, यावर आमच्या घरात शेवटपर्यंत दोन पक्ष होते. "मी झोपच मांगतली ना," आजी म्हणायची. "जास्त मांगाले पाह्यजे होतं."

फाटकासमोर आम्ही उभ्या राहिलो. आत बाबांची जागा जपलेली आहे. आत्या म्हणाली, जायचं का? मी म्हटलं, परतताना. दोघींनाही माहीत होतं, परतताना ऑटो करणार.

सदर, झिरो माईल, बर्डी, मग कुठला चौक आधी नि कुठला नंतर. शहरात चालणाऱ्याला कोणी यात्रेकरू समजत नाही, हॉर्न मारतात. पाऊस आला, थांबला. सक्करदऱ्याला छोटा ताजबाग. इथे बाबांचे शेवटचे दिवस गेले, 17 ऑगस्ट 1925. कमानीवर शहेनशाह-ए-हफ्त-अक्लीम. आत्याने अर्थ विचारला. सात मुलखांचा बादशहा, मी म्हटलं. "आन् राहिला कोठडीत," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली.

उमरेड रोडला लागल्यावर गर्दीच आम्हाला घेऊन गेली. संदलाच्या मिरवणुका, डोक्यावर चादरी, ढोल, लोबान, आकाशपाळणा, कढईतला हलवा-पराठा. मला एवढी माणसं सहन होत नाहीत, आणि मोठ्या ताजबागेत त्या दिवशी माझ्या दुखऱ्या पायावर किमान सहा जणांनी पाय दिला. बुटांच्या स्टँडवर पोऱ्याने ट्यूबचा तुकडा उचलून विचारलं, "हे फेकू का?" मी जवळजवळ ओरडलेच.

आत गेल्यावर डोक्यावरून ओढणी घेतली. काय मागायचं ते ठरवलेलं नव्हतं. नवस फेडायला आलेला माणूस मागत नाही, असं आत्या सांगत होती आणि स्वतः ओठ हलवत होती. चादर चढवली. दोन फुलं टाकली, एक बिननावाचं. मोरपिसांचा झाडू डोक्याला लागला. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मागची बाई ढकलत होती आणि टाच ठणकत होती. उलट्या पायांनी बाहेर येताना उंबऱ्याला अडखळले, तेव्हा मात्र आलं रडू, आणि ते टाचेचं होतं असंच मी आत्याला सांगितलं.

लंगरमध्ये गोड भात मिळाला. आत्याचा उपास होता. तिने पत्रावळ कपाळाला लावली आणि सगळा खाल्ला.

भाऊंना फोन केला. पोचलो, चादर झाली, गर्दी फार आहे.

"तो खांब पाह्यला का?" ते म्हणाले. "दाराच्या डाव्या हाताला. तुझा काका त्याले टेकून बसे."

मी मागे वळून पाहिलं. सगळं नवीन बांधकाम, लायटिंगच्या माळा, माणसांची डोकी. काका शिरणीचे बत्तासे न खाता शर्टाच्या खिशात ठेवायचे, घरी येईपर्यंत मुंग्या लागायच्या, एवढंच मला आठवलं. खांब नाही.

"नाही दिसत, भाऊ."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. "तुले नाही सापडणार," मग म्हणाले. "पुढच्या गुरुवारी ऑटो करून मीच येतो."