आमच्या कोंबड्या कुठे राहणार?

यास्मीन लारी या पाकिस्तानच्या पहिल्या महिला आर्किटेक्ट. ७० च्या दशकात लाहोरला अंगूरी बाग नावाची गरिबांसाठीची वसाहत त्यांनी केली, तेव्हा वस्तीतल्या बायकांशी बोलणं झालं आणि बायकांनी विचारलं की आमच्या कोंबड्या कुठे राहणार? परदेशात शिकून आलेल्या आर्किटेक्टला हा प्रश्न आपणहून सुचणं अवघडच, आणि नाही सुचला तरी काही बिघडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या बायकांना तो विचारता आला, आणि मग घरांना मोकळ्या गच्च्या मिळाल्या.

गरिबांसाठी काम करणारा आर्किटेक्ट म्हटलं की लगेच कौतुक सुरू होतं, किती मोठं मन, फी पण घेतली नाही वगैरे. फी न घेणं चांगलंच आहे पण तेवढ्याने घर चांगलं होत नाही ना. टीमच्या म्होरक्याच्या मनात करुणा आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, समोरच्याने "नको" म्हटलं तर ते त्याला ऐकू येतं का. पैसेवाल्या क्लायंटला ड्रॉइंग आवडलं नाही तर तो सरळ दुसरा आर्किटेक्ट बघतो. गरिबाला ती सोय नाही, हेही हातचं जाईल या भीतीने तो मान डोलावतो आणि आपण समजतो डिझाइन पसंत पडलं.

चिलीमधल्या इकिके शहरातली किंता मोनरॉय वस्ती घ्या. साधारण १०० कुटुंबं शहराच्या मध्यात वर्षानुवर्षं अतिक्रमण करून राहत होती, सरकारी अनुदान घरटी ७५०० डॉलर आणि त्यातच जमीन, रस्ते, गटारं आणि बांधकाम सगळं बसवायचं. आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल टीमने हिशोब मांडला तर सगळे मावतील असा एकच पर्याय उरत होता, उंच इमारत. लोकांनी सांगितलं, हे पुढे आणाल तर उपोषणाला बसू. का, तर फ्लॅट पुढे वाढवता येत नाही आणि यांची घरं तर पोरं मोठी होतील, हातात पैसा येईल तशी वाढणार. इथे "यांना काही कळत नाही" म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! टीमने ती हरकतच धरून पुढचा विचार केला, की ४० चौरस मीटरचं छोटं घर देण्यापेक्षा ८० च्या चांगल्या घराचं अर्धं द्यावं, आणि ते अर्धं कुठलं तर कुटुंबाला एकट्याने जमणार नाही ते, म्हणजे ढाचा, जिना, किचन, बाथरूम. बाजूला रिकामी जागा सोडली, ती लोकांनी आपापल्या ऐपतीने भरली. २०१६ मधे अरावेनांना प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी अशा चार प्रोजेक्टची ड्रॉइंग सगळ्यांना फुकट वापरायला दिली.

आता "नको" ऐकायचं म्हणजे दरवेळी मान तुकवायची असंही नाही. बुर्किना फासोमधल्या गांदो गावात फ्रान्सिस केरे शाळा बांधायला निघाले, गावचाच मुलगा, तेव्हा जर्मनीत आर्किटेक्चर शिकणारा, आणि म्हणतो मातीची शाळा बांधू. लोकांना पटेना, मातीच्या भिंती पावसात वाहून जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेल्या. त्यांची शंका शंभर टक्के खरी होती, म्हणून उत्तर बांधकामातच द्यावं लागलं. मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटा, आणि भिंतींच्या बरंच बाहेर येणारं उचललेलं पत्र्याचं छप्पर, म्हणजे पाऊस भिंतीवर येत नाही आणि गरम हवा वरून निघून जाते. बांधलं गावानेच. २००१ मधे ती शाळा उभी राहिली.

दुसरं टोक म्हणजे अमेरिकेत सेंट लुइसची प्रुइट-आयगो ही गरिबांसाठीची सरकारी वसाहत, ११ मजली ३३ इमारती, लिफ्ट दर मजल्यावर न थांबता मधले मजले सोडून थांबणारी आणि देखभालीचा खर्च म्हणे भाडेकरूंच्या भाड्यातून निघेल. घरं रिकामी होत गेली तसं भाडं आटलं, दुरुस्ती थांबली आणि १९७२ मधे पाडापाडी सुरू झाली. सगळं खापर आर्किटेक्टवर फोडलं जातं ते मला पटत नाही, तिचे आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी यांच्या पहिल्या आराखड्यात बुटक्या इमारतीही होत्या, खर्चाच्या नावाखाली त्या उडवल्या गेल्या. म्हणजे खालच्या माणसाचं "नको" ऐकून भागत नाही, ते वर अधिकाऱ्यांसमोर ठामपणे मांडावंही लागतं आणि तिथे वाईटपणा घ्यावा लागतो. आणि त्या मीटिंगला वस्तीतलं कुणीतरी सोबत असावं, त्यांच्या वतीने आपणच किती बोलणार.

आणि ऑफिसचं काय? वस्तीत रोज जाणारा बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात ज्युनिअर असतो, मोरीचं दार चुकीच्या बाजूला आलंय हे त्याला आधी कळतं. तो सरांसमोर तोंड उघडायला घाबरत असेल तर वस्तीचा आवाज दारातच अडकला. म्हणून गरिबांसाठीच्या एखाद्या प्रोजेक्टचे सुंदर फोटो बघितले की मी आधी हेच शोधते, लोकांनी काय नाकारलं आणि त्यानंतर ड्रॉइंगमधे काय बदललं.