खातं न उघडता बिटकॉइन: बिस्कवरचा माझा अनुभव

बिटकॉइन घ्यायचं तर आधी पासपोर्टचा फोटो द्या, सेल्फी द्या, घरचा पत्ता द्या, हे मला खटकत होतं. २०२० मध्ये लेजर या वॉलेट (बिटकॉइनच्या चाव्या सांभाळणारं साधन) बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर फुटले. नाणी शाबूत राहिली, पण लोकांना धमक्यांचे ईमेल येऊ लागले. जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटणार कुठून? म्हणून इथे जर्मनीत मी बिस्क वापरायचं ठरवलं.

बिस्क हा आपल्याच संगणकावर चालणारा प्रोग्राम. त्यातून लोक एकमेकांशी थेट बिटकॉइनची खरेदी-विक्री करतात. डाउनलोड केल्यावर फाइल अस्सल आहे ना हे पाहायला आधी त्याची डिजिटल सही तपासली. ही पायरी कोणीही गाळू नये. उघडल्यावर ईमेल, पासवर्ड काही विचारलं नाही. तो टॉरला (आपला इंटरनेट पत्ता लपवणारं नेटवर्क) जोडला गेला आणि ऑफर दिसू लागल्या. माझा आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा क्रमांक भरला, तो माझ्याच डिस्कवर राहिला.

अडचण पुढे होती. विकत घेणाऱ्यालाही सहसा अनामत म्हणून थोडं बिटकॉइन ठेवावं लागतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने ते आणायचं कुठून? मला एका मित्राने दिलं. नवख्यांसाठी हा उंबरठा खरंच उंच आहे.

ऑफर स्वीकारली की विक्रेत्याचं बिटकॉइन आणि दोघांची अनामत एका सामायिक पत्त्यावर अडकते. तिथून ते हलवायला दोघांनीही आपापल्या गुप्त चावीने डिजिटल सही करावी लागते. २०१९पर्यंत तिसरी चावी लवादाकडे असायची, ती नंतर काढून टाकली. ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीत, हा व्यवहार पक्का नोंदला गेल्यावरच मला विक्रेत्याचं नाव आणि आयबॅन दिसला. सेपाने, म्हणजे युरोच्या बँक हस्तांतरणाने, पैसे पाठवले. कारणाच्या रकान्यात बिटकॉइनचा उल्लेख करायचा नाही, असा नियम आहे. पैसे मिळाल्याचं त्याने नोंदवलं आणि बिटकॉइन अनामतीसह माझ्या वॉलेटमध्ये आलं.

यात आपण अदृश्य होतो असं कोणी समजू नये. बँकेला दोन्ही नावं दिसतात, विक्रेत्यालाही माझं नाव कळलं. पण सगळ्यांची यादी एका जागी साठत नाही, आणि माझ्या मते तेच मोलाचं आहे.

डेटा फोल्डरचा बॅकअप मात्र घ्याच. बिस्कमध्ये भरलेलं आपलं बँक खातं किती जुनं आहे हे सिद्ध करणारी नोंद त्यातच असते. ती हरवली तर जुनेपणाचा फायदा गेला. वर्षभरानंतर विकलं तर जर्मनीत खासगी व्यक्तीला नफ्यावर कर नाही, पण खरेदीची तारीख दाखवावी लागते, आणि इथे कुठलीही कंपनी वार्षिक विवरण पाठवत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि भाव मी त्याच दिवशी उतरवून ठेवते.