नखाची खाच

पार्सलची चिकटपट्टी शेवटी दातांनी फाडली, आणि तीही खिशात चाकू असताना. घडीचा छोटा चाकू आहे तो. पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचं आणि ओढायचं, एवढंच काम. पण पातं जागचं हलेना. नख मात्र मुळापासून मुडपलं.

पकडीने ओढावं असं मनात येतंच. ओढू नये. जाम झालेलं पातं सुटतं ते एकदम सुटतं आणि नेमकी आपलीच बोटं त्याच्या वाटेत असतात.

टॉर्च मारून फटीत पाहिलं तर आत एक करडी वात पडलेली. टूथपिकने उकरायला घेतली. खिशातल्या कापडाचा भुगा, रेतीचे कण, कधीतरी कापलेल्या फळाचा वाळून डिंक झालेला रस. वर्षभर मी काय काय कापलं आणि कुठेकुठे बसलो, याची ही नोंदवहीच म्हणायची. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा पिवळट चिकटा? तो माझाच पराक्रम. मागच्या वेळी हाताशी होतं म्हणून खायचं तेल सोडलं होतं. दोन दिवस चाकू लोण्यासारखा चालला होता. पण खायचं तेल हवेने घट्ट होत जातं. तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी जो चिकट थर बसतो ना, तोच मी चाकूच्या सांध्यात भरून ठेवला होता.

मग कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि पाण्यातच उघडझाप. पहिल्यांदा पातं जेमतेम करंगळीभर उघडलं, तेही कुरकुरत. पाचव्या-सहाव्या खेपेला पाणी चहाच्या रंगाचं झालं. (मूठ लाकडी असेल तर हे करू नका. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पात्याला आणखी आवळतं.) नंतर मात्र कोरडं करायची घाई हवी, कारण गंजही लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. शेवटी शिलाई मशीनचं तेल, पातं ज्याच्याभोवती फिरतं त्या खिळ्यापाशी एक थेंब. मी अर्थातच तीन टाकले. बाकीचे दोन शर्टाच्या खिशाला लागले.

चाकू फार सैल व्हावा असंही मला वाटत नव्हतं. याला लॉक नाही. उघडलेलं पातं उघडं राहतं ते पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर. ती ढिली पडली तर कापता कापता पातं बोटावरच मिटायचं. कार्ल एल्सनर या स्विस चाकूवाल्याने १८९७ साली नोंदवलेल्या बहुपाती चाकूतली हुशारी याच स्प्रिंगेत होती: मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांना मिळून एकच स्प्रिंग. माझ्या चाकूत एकच पातं आहे आणि स्प्रिंगही एकच, तरी त्यांचं आपसात जमत नव्हतं.

आता जमतंय. उघडताना अर्ध्यावर जरा थबकतं, मग टक्. मिटताना थोडा जाड टक्. संध्याकाळभर टक् टक् चालू होतं. घरातून ‘‘पुरे आता’’ आल्यावर कापायला काहीतरी शोधलं. पार्सल तर केव्हाच उघडलेलं. शेवटी त्याच्या रिकाम्या खोक्यावर उरलेली, दातांचे ठसे उमटलेली चिकटपट्टी कापली. सरळ रेषेत.