तुम्ही विचारलेत म्हणून: खांद्यात ताकद कशी आणायची?

मी सांगलीत मुलींना नेटबॉल, म्हणजे चेंडू घेऊन न धावता हातोहात पास देत गोल करायचा खेळ, शिकवते हे कळले की पालक, खेळाडू आणि अलीकडे तर इतर क्रीडाशिक्षकही एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, पास लांब जावा म्हणून खांद्यात ताकद कशी आणायची?" आजवर मी जोर, दोरीउड्या, मेडिसिन बॉल असे काहीबाही सांगून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी खरे सांगते: माझ्या खांद्यात ताकद होती, आणि माझ्या हातून गेलेला सर्वांत वाईट पास त्याच ताकदीने गेला.

ती ताकद मला वखारभागातल्या हळदीच्या एका गोदामाच्या भिंतीने दिली. उजव्या हाताने फेकायचे म्हणून डावा पाय पुढे, चेंडू कानाच्या मागे, आणि सुटताना बोटे खडूने काढलेल्या वर्तुळाकडे, असे रोज संध्याकाळी शंभर वेळा चालायचे. भिंतीवरची पिवळी पूड चेंडूच्या खाचांत बसायची, आणि माझे तळहात पाहून आई विचारायची, "आज कुणाची हळद होती?"

साताऱ्यातल्या विभागीय सामन्यात मी सेंटर, म्हणजे मैदानाच्या मधली खेळाडू, म्हणून खेळत होते. शेवटचा क्वार्टर संपत आला होता, गोल बरोबरीत होते, आणि आमच्या गोल कीपरने अडवलेला चेंडू आमच्याच गोलच्या भागात माझ्याकडे आला. मी उजव्या पायावर उतरले. समोरची उंच मुलगी तेव्हाच्या नियमाप्रमाणे ०.९ मीटरवर, पण दोन्ही हात उंचावून उभी राहिली. चेंडू ३ सेकंदांत सोडायचा असतो, आणि ते ३ सेकंद मला कानात ऐकू येत होते. पलीकडच्या टोकाला आमची गोल शूटर एकटी, मोकळी दिसली आणि मी खांद्यातला सगळा जोर लावून चेंडू फेकला. तो थेट तिच्या हातात गेला. टाळ्या पडल्या, पण त्याच क्षणी पंचांची शिट्टीही वाजली. ३०.५ मीटरच्या मैदानाचे तीन भाग असतात आणि मधल्या भागात कुणाचाही हात न लागता चेंडू तो अख्खा भाग ओलांडू शकत नाही, हे मला झोपेतही पाठ होते. फ्री पास त्यांना मिळाला, चार पासांत चेंडू आमच्या गोलखाली आला आणि आम्ही एका गोलने हरलो.

मधल्या भागात, रेषेपासून दोन पावलांवर, आमची विंग अटॅक, म्हणजे बाजूने चढाई करणारी खेळाडू, दोन्ही हात पुढे करून उभी होती. मी तिथेच तिच्यावर ओरडले, "हाक का मारली नाहीस?" ती एवढेच म्हणाली, "मारली होती." कराड मागे पडेपर्यंत आम्ही एसटीत एकमेकींशी बोललो नाही, आणि तिने हाक मारलीच नव्हती, असे मी पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. अजूनही कधी कधी मला तसेच वाटते.

म्हणून आता मी मुलींना चेंडू हातात येण्याआधी मान वळवून पुढचे दोन हात शोधायला लावते, आणि धावणारी मुलगी जिथे आहे तिथे नव्हे, तर तिचे पुढचे पाऊल जिथे पडेल तिथे पास द्यायला शिकवते. भिंत धावत नाही आणि हाकही मारत नाही, हे खरे. तरीही नवीन मुलींना मी आधी भिंतीसमोरच उभे करते, कारण हातांची खात्री नसलेल्या मुलीचे डोळे चेंडूवरून हलत नाहीत. यात विसंगती आहे, असे कुणी म्हणाले तर मी वाद घालेन, पण जिंकेन असे नाही.

गेल्या महिन्यात सरावात माझ्या संघातली एक मुलगी चेंडू छातीशी धरून डावीकडे पाहत राहिली, मग उजवीकडे पाहत राहिली, आणि ३ सेकंद उलटले. मी शिट्टी वाजवून कारण विचारले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलंय ना, आधी बघायचं?" मी चेंडू समोरच्या संघाला दिला आणि खेळ पुढे चालू केला.