आईची वही आणि पोरीचं बिलबोर्ड

रविवार, रात्री उशिरा

आज जेवणं झाल्यावर आई आणि आमची पोरगी पलंगावर लोळत गप्पा मारत होत्या, विषय काय तर बीटीएस, तो कोरियन पोरांचा पॉप बँड. ते सातही जण आता लष्करी सेवा उरकून आलेत, शेवटचा जून 2025 मध्ये सुटला, हे पोरगी सांगतेय आणि आई विचारतेय, "अगं पण एवढे फेमस ना, मग त्यांनाही सोडत नाहीत?" कोरियात नाही सोडत म्हणे.

मग पोरीने बिलबोर्ड समजावलं, म्हणजे अमेरिकेतली गाण्यांची क्रमवारी. 2020 ला त्यांचं गाणं तिथल्या हॉट 100 यादीत एक नंबरला गेलं ते काही उगाच नाही, फॅन लोक ठरवून विकत घेतात, ठरवून परत परत ऐकतात. मला वाटलं आईच्या डोक्यावरून जाणार. तर ती म्हणते, "हं, म्हणजे श्रोता संघ!"

बिनाका गीतमाला, म्हणजे रेडिओवरचा हिंदी फिल्मी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम, त्यात पण तेच की. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, निवेदक अमीन सयानी, आणि गाण्यांचा नंबर लावताना रेकॉर्डचा खप बघायचे तशी श्रोता संघांची, म्हणजे गाणी ऐकणाऱ्यांच्या मंडळांची, मतंही धरायचे. आई वहीत 'पायदान', म्हणजे गाण्याचा नंबर, उतरवून घ्यायची, शॉर्टवेव्हची खरखर मधे आली की नेमका नंबर हुकायचा, मग दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणीला गाठायचं. सिलोनच का, तर 1952 पासून केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपारच झाली होती, आणि 1957 ला विविध भारती आली तरी बुधवारची सवय काही कोणाची सुटली नाही. (आजोबा मात्र ओरडायचे, अभ्यास सोडून हे काय म्हणून. पुढे आईने माझ्या कॅसेटींवरून तेच केलं, ते तिला आठवत नाही.)

सगळे म्हणतात म्हाताऱ्यांना नवीन कळत नाही. आमच्या घरी उलटंय, आईकडे वेळ आहे, पोरीकडे वेळ आहे, आणि मधल्यामधे मी, ऑफिस, ट्रॅफिक, डबे, माझी गाडी अजय-अतुलपाशी येऊन थांबली ती थांबलीच. नवीन गाणं मला कळतं ते थेट लग्नाच्या वरातीत, तेही सगळ्यांचं ऐकून कंटाळा आल्यावर.

दोघींचा आता वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. म्हटलं मला पण घ्या. पोरगी म्हणाली, आधी सातही जणांची नावं सांग. मला जिन आणि व्ही एवढेच आठवले, आणि मागून आईच हळूच प्रॉम्प्टिंग करत होती, "सुगा, अरे सुगा!"