घोटाई नको म्हणणारं गिऱ्हाईक

शिरोलीत आमचा सिमेंटच्या मालाचा छोटा कारखाना आहे. चेंबरची झाकणं, पाइप, कुंपणाचे खांब. समुद्राशी संबंध म्हणाल तर ताटातल्या सुरमईपुरता. तरी कोकणातल्या एका ठेकेदाराचं काम आलं: पोकळ, त्रिकोणी, भोकाभोकांचे ठोकळे, एकेक साधारण टनाचा. समुद्रात टाकायचे. कृत्रिम भित्तिका, म्हणजे मासळीसाठी तळाला मांडलेला माणसानं केलेला खडक.

पहिले वीस ठोकळे आमच्या गवंडीमामांनी असे घोटले की हात ठेवला तर घसरावा. तपासणीला आलेल्या ताई मत्स्यशास्त्र शिकलेल्या. त्यांनी कडेवर नख ओढलं, साच्याच्या काळ्या तेलाचा वास घेतला. "हे चालणार नाहीत."

"आवो ताई, आरशागत झालंय की!"

"म्हणूनच. आरशावर कालवं धरत नाहीत, मामा."

मग पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितलं. तळाला नुसता चिखल आणि वाळू. कालवांच्या पिल्लांना, शेवाळाला धरायला टणक, खरबरीत जागा लागते. ते धरलं की बारकी मासळी चरायला येते, तिच्या मागं गोबरा, तांबोशी. भोकं लपायला. शिवाय तळ खरवडत जाणारं ट्रॉलरचं जाळं ठोकळ्यांत अडकून फाटतं, म्हणून ट्रॉलर तिकडं फिरकत नाही आणि छोट्या होडीवाल्याला काही उरतं. पण मासे खरंच वाढतात की आजूबाजूचेच तिथं गोळा होतात, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते आवडलं. आमच्या धंद्यात आपल्या मालाबद्दल असं कोण बोलतं?

आमचा एक पोरगा म्हणाला, "मग जुनी टायरं टाका की! हायवेला ढीग पडल्यात."

"फ्लोरिडात 1970 च्या दशकात टाकली होती," ताई म्हणाल्या. "वीस लाखांच्या आसपास. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायरं वाहत जाऊन शेजारच्या जिवंत प्रवाळावर आपटली. पुढं लष्कराचे पाणबुडे लावून काढायची वेळ आली."

वीस ठोकळे आमच्या अंगावर पडले. एकात कुत्रीनं पिल्लं घातली आहेत. पुढच्या खेपेला काळं तेल बंद, साच्याला सोयाबीनचं तेल. ओल्या काँक्रीटवर मामांनी तोंड वाकडं करत तारेचा ब्रश ओढला. तिसऱ्या दिवशी मात्र पोरांवरच ओरडत होते, "आरं, भोकाच्या आतनं पण खरबडीव!"

माल फोंडा घाटानं खाली गेला. पुढच्याच आठवड्यात गटारीच्या झाकणांची खेप एका गिऱ्हाइकानं परत पाठवली. घोटाईच केली नव्हती.

मामा म्हणाले, "हात वळलाय आता, मालक. चार दिवस द्या."